दीड इंची सैन्याचं रंगकाम

सोमवार, ३ नोव्हेंबर

धंदा बंद केला त्याला वर्ष झालं. साइटची डायरी लिहायची सवय सुटली नव्हती, फक्त लिहायला साइट नव्हती. आज काम आलं, म्हणून ही नवी डायरी.

काम: वीस शिपाई, एक तोफ, घोड्यावर बसलेला एक सेनापती. उंची: शिपाई दीड इंच. माल: प्लॅस्टिक, सुटे भाग, आपणच जोडायचे. मुदत: ३० तारीख.

जावयांनी आणून दिलं. त्यांना हा नाद आहे. टेबलावर छोटी सैन्यं मांडायची, फासे टाकायचे, टेपने अंतर मोजून माणसं पुढे सरकवायची आणि लढाया करायच्या. चांगला शिकलेला, नोकरीतला माणूस, पण रविवार आला की हेच. लेकीला चालतं, मग आपण कोण बोलणार. एका खोक्यात समोरासमोरची दोन सैन्यं असतात. त्यातलं एक मला दिलं, दुसरं व्याह्यांना. आपापलं सैन्य जोडायचं, रंगवायचं आणि तीस तारखेला लेकीच्या घरी एकमेकांशी लढायचं.

मी म्हटलं, "मी व्याह्यांशी लढायचं?"

ही आतून म्हणाली, "मग तीन वर्षं काय करताय?"

व्याही दातांचे डॉक्टर आहेत. लग्नानंतर पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले, जेवून कोचावर रेलले आणि वर बघून म्हणाले, "रंगाच्या ठेकेदाराच्या घरात छताला पोपडा?" सगळे हसले. विहीणबाई हसल्या, ही हसली. मी अख्ख्या इमारती रंगवल्या, शाळा रंगवल्या, एका इस्पितळाचे सगळे मजले रंगवले, आणि हा माणूस माझं जेवून माझंच छत तपासतो. तेव्हापासून आमचं बोलणं 'कसे आहात' आणि 'बरं आहे' याच्या पुढे गेलेलं नाही. पोपडा अजून तिथेच आहे. कधीच काढला असता, पण काढला तर त्यांचं ऐकून काढला असं होईल.

निघताना लेक म्हणाली, "अप्पा, तीसला नक्की या. तुम्हाला दोघांना एकदम काहीतरी सांगायचंय." काय ते विचारलं तर "तीसलाच." चेहरा जरा ओढलेला वाटला.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

जोडकाम सुरू. सगळे भाग प्लॅस्टिकच्या चौकटीला चिकटून येतात, कैऱ्या डहाळीला लागाव्यात तसे. कापून काढायचे, कड पॉलिश पेपरने घासायची, चिकटवायचं. माणूस कंबरेपासून खाली वेगळा, धड वेगळं, डोकं वेगळं, हात वेगळे. जावई म्हणाले होते, "अप्पा, डिंक अगदी थेंबभर." मला थेंब सांगतात. दुपारी माझा अंगठा घोड्याच्या पोटाला चिकटला. ओढला तर घोडा येईना आणि अंगठाही येईना. हिने कोमट साबणपाण्यात हात बुडवून सोडवला. म्हणाली, "एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच घोड्यावर बसलात."

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

जोडकाम पूर्ण. बंदुकीचे हात जरा वर लागल्याने सगळी पलटण गाडी सुटताना निरोप द्यावा तशी उभी आहे. चालेल. सैन्य शेवटी जातंच कुठेतरी.

एक हात उरला. सगळ्यांचे दोन-दोन हात मोजून पाहिले, बरोबर आहेत. उरलेला हात शर्टाच्या खिशात ठेवला आहे. साइटवर माल उरला तर तो नेहमी कुणाचा तरी निघतो.

रविवार, ९ नोव्हेंबर

अस्तर.

जावयांनी फवाऱ्याचा डबा दिला होता, तो बाजूला ठेवला. फवाऱ्याने काय होणार? नुसता धुरळा. अस्तर म्हणजे अस्तर. घरात आपल्या कामातला अर्धा डबा प्रायमर आहे आणि भिंतीच्या भेगा बुजवायची लांबीही आहे. जवळून पाहिलं तर मालात दोष भरपूर. तोंडावर बारीक खड्डे, छातीवर चिरा, कमरेला घड्या. लांबी भरली, पट्टी फिरवली, वाळल्यावर पेपर मारला, मग प्रायमरचे दोन हात. हाताला कुठे काही लागत नाही. वीसच्या वीस शिपाई असे गुळगुळीत की माशी बसली तर घसरेल. सेनापती तेवढा राहिला, कारण लांबी संपली.

संध्याकाळी लेक-जावई आले. लेक दारातच थबकली, नाकाला ओढणी लावली आणि थेट मागच्या गॅलरीत जाऊन उभी राहिली. लहानपणी हीच पोरगी रंगाच्या डब्यात नाक खुपसायची. आता बापाच्या कामाचा वास येतो तिला. दातांच्या डॉक्टरचं घर, सगळं स्वच्छ, सगळं पांढरं. वाईट वाटलं, ते लपवत नाही.

जावई एक शिपाई उचलून बराच वेळ बघत राहिले. फिरवून पुन्हा बघितला.

"अप्पा, याचं तोंड कुठल्या बाजूला आहे?"

मी म्हटलं, "बंदुकीवरून ओळखा."

बुधवार, १२ नोव्हेंबर

जावई निघताना हळूच सांगून गेले होते, की ते खड्डे म्हणजे नाक-डोळे होते. तीन दिवस मी यावर विचार केला. शेवटी आज एक शिपाई साफ करून बघायचा ठरवला. लांबी निघेपर्यंत थिनरमध्ये बुडवून ठेवला आणि चहा घ्यायला गेलो. परत आलो तेव्हा शिपाई खाली बसला होता. गुडघे विरघळले होते. अजून थोडा वेळ गेला असता तर झोपला असता. काढून वाळवला. आता तो तसाच बसलेला राहील. लढाईत कुणीतरी दमणारच. बाकीच्यांना थिनर दाखवायचा नाही, आहेत तसे रंगवायचे.

ही रोज संध्याकाळी काहीतरी विणत असते. काय ते विचारलं तर म्हणते, "काही नाही, लोकर उरली होती." लोकर विकत आणलेली मी स्वतः पाहिली आहे. पण एक काम चालू असताना दुसऱ्या कामात लक्ष घालू नये.

रविवार, १६ नोव्हेंबर

रंगाचा पहिला हात. जावयांच्या मंडळाचा नियम असा, की न रंगवलेला शिपाई टेबलावर येत नाही. निदान तीन रंग हवेत आणि पायाखाली माती हवी. शाळेच्या कामातला पिस्ता रंग घरात आहे, इस्पितळाचा बदामी आहे, दारांचा चॉकलेटी ऑइलपेंट आहे. झाले तीन. वर पिस्ता, मधे बदामी, आणि खाली गुडघ्यापर्यंत चॉकलेटी पट्टा. खालचा पट्टा नेहमी गडद ठेवावा, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे हात लागतात.

ही आज पाऊण तास विहीणबाईंशी फोनवर बोलत होती. मधेच आवाज खाली, मधेच हसणं. मी म्हटलं, "बोलतेच आहेस तर व्याह्यांचं काम कुठवर आलं ते विचार." हिने फोनवर हात ठेवून सांगितलं, "ते दात रंगवतायत."

"कुणाचे?"

"सगळ्यांचे."

माणसाला निवृत्तीनंतरही कामाबाहेरचं सुचत नाही, हे किती वाईट.

बुधवार, १९ नोव्हेंबर

लेकीचा फोन. म्हणाली, "अप्पा, घरातली छोटी खोली रंगवायची आहे. अजिबात वास न येणारा रंग कुठला? आणि चाटला तरी चालेल असा असतो का?"

मी चाळीस वर्षांत खूप गिऱ्हाइकं पाहिली, भिंत चाटायचं कुणी विचारलं नव्हतं. रंगाचं नाव सांगितलं. खोली कशासाठी, कुणासाठी, हे विचारलं तर गडबडली. "असंच. कुणीतरी राहायला येणार आहे."

फोन ठेवला आणि तेव्हा उलगडा झाला. व्याही येणार. दवाखाना बंद केला, जिने चढवत नाहीत, मुलाकडे राहायला येणार. तीसला हेच सांगायचं आहे. आणि चाटायचं म्हणजे काय, त्यांना सगळं तपासून घ्यायची खोडच आहे. मग आम्ही लेकीकडे जायचं ते व्याह्यांच्या घरी गेल्यासारखं. कोचावर ते बसलेले असणार. माझी एकुलती एक पोरगी, तिच्या घरी मी पाहुणा. जेवण गेलं नाही. हिला सांगितलं तर हिने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं ही रडते की काय. पण ती हसू दाबत होती. बायकांना कशात काय दिसतं देव जाणे.

आता लढाई जिंकायचीच. निदान एका टेबलावर तरी त्या माणसाने आपल्यापुढे मान खाली घातली पाहिजे.

रविवार, २३ नोव्हेंबर

सेनापती. गेला आठवडा यालाच दिला. लांबी नाही, आपला प्रायमरही नाही, नाक मुठीत धरून जावयांचा फवारा मारला. पातळ. त्यावर पातळ रंग, वाळू द्यायचा, पुन्हा पातळ. ब्रशचे केस कापत कापत दोन उरवले. डोळे काढताना श्वास धरायचा असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. उजवा डोळा पहिल्या झटक्यात आला, डावा जरा दचकलेला आला. पण माणूस बघतो. मी खोलीत फिरलो तर माझ्याकडेच बघतो. हिला बोलावून दाखवला. हिने चष्मा लावून पाहिला आणि म्हणाली, "हे तुम्ही केलंत?" हा प्रश्न हिने मला बऱ्याच वेळा विचारला आहे, पण या आवाजात कधी नाही.

मग बाकीच्या वीस जणांकडे पाहिलं. एकालाही तोंड नाही. आपण नाकं बुजवून टाकली, याचं आज खरंच वाईट वाटलं.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

जावयांचा फोन. सैन्य पिशवीत मोकळं टाकू नका, एकमेकांना घासून रंग जातो, मऊ कशात तरी गुंडाळून आणा. जुन्या चादरीचा तुकडा बघायला हिचं कपाट उघडलं आणि माझे डोळे भरून आले.

लोकरीच्या पिशव्या. छोट्या छोट्या, पिवळ्या दोन, पांढऱ्या दोन, तोंडाशी बांधायला नाड्या. प्रत्येकीत पाच शिपाई बरोबर बसतात, मी बसवून पाहिले. शिवाय तोफेसाठी एक मोठी गोल पिशवी, उचलायला वर गोंडा. आणि हातमोज्यासारखी एक, बोटं नसलेली, सेनापतीच्या घोड्याच्या मापाची. रोज संध्याकाळी ही समोर बसून हे विणत होती. तोंडाने मला टोमणे आणि हाताने माझ्या सैन्याची सोय. इतकी वर्षं संसार केला, पण ही बाई मला अजून पुरती कळलेली नाही.

पिशव्या मधेच वाकलेल्या आहेत, टाच असावी तशा. हिला सरळ विणणं कधी जमलंच नाही. ते मी बोलणार नाही. तिकडे गेल्यावर सगळ्यांसमोरच तिचं नाव घेईन.

सोमवार, १ डिसेंबर

काल घरी येऊन लिहिणं शक्य नव्हतं. आज क्रमाने लिहितो.

आम्ही पोचलो तेव्हा व्याही आधीच बसले होते. टेबलावर हिरवं कापड, पुठ्ठ्याच्या टेकड्या, कापसाची झाडं. व्याह्यांनी सैन्य दवाखान्यातल्या स्टीलच्या ट्रेमध्ये निजवून आणलं होतं. खोटं का बोला, काम सुबक होतं. प्रत्येक कोटाचं बटण रंगवलेलं. पण एकूण एक शिपायाचं तोंड उघडं आणि आत पांढरेशुभ्र दात. त्यांच्या तोफेजवळच्या एका गोलंदाजाचा डावा हात तर पूर्ण पांढरा होता.

"हा हात खोक्यात आलाच नव्हता," व्याही म्हणाले. "दातात भरायचा मसाला होता घरात, त्याचा केला."

मी खिशाला हात लावला आणि गप्प बसलो.

मग मी पिशवी उघडली. "सैन्य बघण्याआधी एक सांगतो," मी म्हटलं. "या बाईने मला न सांगता महिनाभर खपून माझ्या सैन्यासाठी पिशव्या विणल्या." आणि एकेक टेबलावर मांडत गेलो. पिवळ्यातून शिपाई काढले, पांढऱ्यातून काढले, बसलेला काढला, गोंड्याच्या पिशवीतून तोफ काढली. कुणी काही बोलेना. मला वाटलं, रंगकाम बघून गप्प झाले. विहीणबाईंनी तोंडावर हात ठेवला होता. जावई छताकडे बघत होते.

ही हळूच म्हणाली, "अहो, ते मी कपाटात ठेवलं होतं."

"तिथूनच तर घेतलं," मी म्हटलं.

लेकीला हसू आवरेना, जावयांनी तिला खुर्चीत बसवलं. व्याह्यांनी एक रिकामी पिवळी पिशवी उचलली, आत दोन बोटं घातली आणि टेबलावर उभी केली. वाकलेली बाजू खाली टेकली. एवढंसं पाऊल झालं.

"व्याही," ते म्हणाले, "हा मोजा आहे."

"एवढा पाय कुणाचा असतो?" मी विचारलं.

त्यांनी मोजा बोटांवर तसाच ठेवून दुसऱ्या हाताने चष्मा काढला आणि बाहीला डोळे पुसले. मग मी लेकीकडे पाहिलं. वास, गॅलरी, छोटी खोली, भिंत चाटणारं माणूस, सगळं एका रांगेत येऊन उभं राहिलं.

"जूनमध्ये, अप्पा," ती म्हणाली.

मी खाली बसलो. तोफ माझ्या हातातच होती. मला रडू आलं आणि मी रडलो, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

मग सगळं बाहेर आलं. दोघी आयांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आम्हा दोघांनाच सांगायचं नव्हतं. लेक म्हणाली, "एकाला आधी कळलं असतं तर दुसरा पुढची तीन वर्षं पोपड्याखाली फुगून बसला असता. म्हटलं, दोघांना एका टेबलावर आणू, मग सांगू. पण एका टेबलावर येणार कसे?" म्हणून ते खोकं. म्हणजे सैन्य नव्हतंच, आम्हाला पकडून आणायला टाकलेला दाणा होता.

मी खिशातला हात काढून व्याह्यांपुढे ठेवला. "हा तुमचा."

"इतके दिवस तुमच्याकडे?"

"कुणाचा ते कळत नव्हतं."

"फोन करायचा होता," ते म्हणाले. मग तो हात उचलून, "मीही करायला हवा होता म्हणा. हात मलाच कमी होता."

लढाई झाली. मी हरलो. माझे शिपाई पहिल्याच चालीत टेकडीवर अडकले आणि बसलेल्याने शेवटपर्यंत काही केलं नाही. सेनापती मात्र पडला नाही. व्याह्यांनी भिंग लावून त्याचे डोळे बघितले आणि म्हणाले, "हे काम आहे." मग एक शिपाई उचलला. "याला तोंडच नाही."

"लांबीने भरून घेतलं."

"व्याही, भरायच्या आधी कीड आहे का बघतात."

सगळे हसले. मीही हसलो, आणि मग लक्षात आलं की या माणसाच्या बोलण्यावर मी पहिल्यांदाच हसतोय. जाताना त्यांनी माझे शिपाई मागून घेतले. म्हणाले, "तोंड उघडायला लावणं हेच तर केलं जन्मभर."

रविवार, ७ डिसेंबर

परवा पाठ धरली म्हणून हॉलमध्ये जमिनीवर आडवा पडलो होतो. वर पोपडा. तीन वर्षं रोज बघतो, पण परवा वेगळाच विचार आला. मूल इथे येणार. सुरुवातीचे महिने उताणंच असणार. त्याला दुसरं दिसणार काय? आजोबांचं छत.

आज शिडी लावली. पट्टीने खरवडायला घेतलं तोच बेल वाजली. व्याही, जुना शर्ट घालून. हिने फोन केला होता, हे मला आता कळायला वेळ लागत नाही. त्यांनी पाच शिपाई आणले होते, लांबी कोरून नाक-डोळे मोकळे केलेले. तोंडंही कोरली होती. दात अजून रंगवले नव्हते, परवानगी विचारायला आले होते. मी म्हटलं, रंगवा.

मग ते शिडीवर चढले. वरच्या खिशातून दात तपासायची सळई काढून पोपड्याच्या कडेने टोचत गेले. "व्याही, हे वरवर दिसतं तेवढं नाही. आत खोल गेलंय. थेट त्या कोपऱ्यापर्यंत काढावं लागेल." मला ते आधीच माहीत होतं, पण मी बोललो नाही. शिडी धरून उभा राहिलो.

दोघांनी मिळून खरवडलं, लांबी भरली. इथे भरायलाच हवी होती. वास न येणारा रंग आणला होता, त्याचा पहिला हात संध्याकाळपर्यंत झाला. वाळल्यावर व्याही म्हणाले, "उभ्याने बघून उपयोग नाही. गिऱ्हाईक आडवं असणार." म्हणून आम्ही दोघे शेजारी शेजारी जमिनीवर उताणे पडलो आणि वर बघत राहिलो. ही चहा घेऊन आली, दारातच थांबली, आणि न बोलता कप आमच्या डोक्याशी ठेवून गेली.

व्याही म्हणाले, "डाव्या बाजूला अजून एक हात लागेल."

मी डोकं वळवून पाहिलं. त्यांचं बरोबर होतं. उद्या सकाळी मारीन.